गिधाडे, गुरे आणि एक स्वस्त औषध

निसर्गावरील मानवी आघातांचा विचार करताना जंगलतोड, शिकार, धरणे, खाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी अशी जी नेहमीची यादी पुढे येते, तिच्यात आजारी बैलाला टोचलेल्या वेदनाशामक इंजेक्शनाला सहसा जागा नसते. तरीही जगातील पक्ष्यांच्या नोंदल्या गेलेल्या ऱ्हासांपैकी सर्वांत वेगवान ऱ्हासांत ज्याची गणना होते, तो भारतीय उपखंडातील गिधाडांचा ऱ्हास अशाच एका इंजेक्शनामुळे घडून आला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, तर लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची एकत्रित घट जवळजवळ ९७ टक्के होती. म्हणजे पहिल्या जातीच्या दर हजार पक्ष्यांमागे फक्त एक उरला. या पक्ष्यांची कोणी शिकार करत नव्हते, त्यांच्या अन्नाला तोटा नव्हता, ते ज्या कड्यांवर आणि झाडांवर घरटी करत, ती ठिकाणेही बहुतांशी जागच्या जागी होती. मारण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, आणि नेमक्या याच कारणामुळे ही घटना मानवी हस्तक्षेपाच्या अभ्यासात वेगळी ठरते.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी ज्या तीन जातींवर हे संकट प्रामुख्याने कोसळले, त्या ‘जिप्स’ या एकाच प्रजातीतील आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच, जुन्या झाडांवर वस्ती करते आणि एके काळी ते गावांच्या, शहरांच्या, अगदी कत्तलखान्यांच्या आसपासही शेकड्यांनी दिसे; कोकणातील नारळी-आंब्यांच्या पट्ट्यात त्याची घरटी आजही तुरळक आढळतात. लांब चोचीचे गिधाड कड्याकपारींत घरटे बांधते, म्हणून सह्याद्रीचे तुटलेले कडे आणि गडकिल्ल्यांच्या सरळसोट भिंती हे त्याचे हक्काचे ठिकाण. बारीक चोचीचे गिधाड उत्तरेकडील गंगेच्या मैदानात आणि आसामच्या बाजूला राहते. २००१ पर्यंत तर त्याला लांब चोचीच्या गिधाडाचीच उपजात समजले जात होते. स्वतंत्र जात म्हणून ओळख मिळेपर्यंत ते नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते.

हे तिन्ही पक्षी शिकार करत नाहीत. ते केवळ मेलेल्या जनावरांवर जगतात. त्यांची डोकी आणि माना पिसांनी झाकलेल्या नसतात, त्यामुळे जनावराच्या पोटात मान खुपसूनही रक्त पिसांत फारसे अडकून राहत नाही. जिभेच्या कडांना मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यांच्या साह्याने हाडाला चिकटलेले मांसही खरवडून निघते. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. आकाशात घिरट्या घालणाऱ्या एका गिधाडाने खाली झेप घेतली की कोसभर दूर असलेल्या दुसऱ्याला ती दिसते, त्याच्या झेपेवरून तिसऱ्याला कळते आणि पाहता पाहता जिथे एकही पक्षी नव्हता तिथे साठ-सत्तर जमा होतात. जाड कातडे फाडणे त्यांच्या चोचीला अवघड जाते, म्हणून सुरुवात डोळे, जीभ, शेपटीखालचा भाग अशा मऊ ठिकाणांपासून होते. कातडे आधीच सोललेले असेल तर शंभरेक गिधाडांचा थवा अर्ध्यापाऊण तासात एका गाईचा नुसता सांगाडा शिल्लक ठेवतो. मागे दुर्गंधी राहत नाही, माश्या राहत नाहीत, आणि आठवडाभर सडत राहणारे मांसही राहत नाही.

गावगाड्याने या व्यवस्थेवर पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहणे पत्करले होते. मेलेले ढोर गावकुसाबाहेर ओढून न्यायचे, त्याचे कातडे काढायचे आणि उरलेला देह गिधाडांवर सोडायचा, पुढे हाडे गोळा करणारे येऊन ती हाडांच्या गिरणीला विकायचे, असा तो क्रम होता. मात्र या क्रमाचे वर्णन पक्ष्यापाशी सुरू करून पक्ष्यापाशीच संपवणे अर्धसत्य ठरेल, कारण ढोरे ओढण्याचे आणि सोलण्याचे काम महाराष्ट्रात जातीने लादलेले होते, ते करणाऱ्यांना गावाने त्याच कामापायी अस्पृश्य ठरवले होते. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढच्या काळात गावोगावी हे अपमानकारक काम नाकारले गेले. हा नकार सर्वथा न्याय्य होता. त्यानंतर ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी मृत जनावरांच्या विल्हेवाटीची सार्वजनिक सोय उभारायला हवी होती; बहुतेक ठिकाणी ती उभी राहिली नाही, कारण गिधाडे फुकट काम करत होती आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विसाव्या शतकात भारतात गिधाडांची जी प्रचंड संख्या होती, ती स्वतःही काही अंशी मानवी हस्तक्षेपाचेच फळ होती. माळरानांवरील काळविटांचे आणि जंगलातील सांबर-गव्यांचे कळप आक्रसत गेले, तरी त्यांची जागा कोट्यवधी गाईम्हशींनी घेतली; अनेक राज्यांत गोहत्येवर निर्बंध असल्याने आणि बहुसंख्य शेतकरी गोमांस खात नसल्याने म्हातारी गुरे दावणीलाच मरत आणि त्यांचे देह उघड्यावर टाकले जात. अशा प्रकारे गिधाडांचे पोट जवळजवळ पूर्णपणे पाळीव गुरांवर अवलंबून राहू लागले. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील सर्वाधिक संख्येने आढळणारा मोठा शिकारी वर्गातील पक्षी असावा असे पक्षितज्ज्ञ मानत, तर विमानतळांभोवती घिरट्या घालणारी गिधाडे ही हवाई दलाची डोकेदुखी होती. एका जातीचे सारे जीवन माणसाच्या एकाच व्यवसायाशी बांधले गेले, की त्या व्यवसायातील कोणताही लहानसा बदल तिच्या मुळावर येऊ शकतो. तसा बदल झाला तो औषधांच्या कपाटात.

ऱ्हासाची पहिली ठोस नोंद राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती, तेव्हा साडेतीनशेच्या आसपास जोड्या वीण करत होत्या. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजणी केली, तेव्हा झाडांवरील बहुतेक घरटी ओस पडली होती आणि काही झाडांखाली मेलेली गिधाडे पडलेली होती. जिवंत पक्षी मान खाली टाकून, जणू पेंगत असल्यासारखे, दिवसचे दिवस फांदीवर बसून राहत आणि अखेरीस खाली कोसळत. शतक संपण्याच्या सुमारास तेथील वीण थांबलीच. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची गणना झाली होती, त्याच रस्त्यांवरून २००० मध्ये पुन्हा गणना केली असता घट ९० टक्क्यांहून अधिक असल्याचे आढळले आणि तिन्ही जातींना ‘अतिसंकटग्रस्त’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या जाती, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हे एवढे तरी कळले, ते योगायोगाने जुनी मोजणी हाताशी होती म्हणून. वाघ मोजले जात, गेंडे मोजले जात. गिधाडे मोजण्याची गरज भरतपूरसारखा एखादा अपवाद सोडला, तर देशात कोणालाच वाटली नव्हती, आणि विपुल असलेल्या जिवाकडे शास्त्रानेही पाठ फिरवावी हा दोष काही केवळ सरकारी खात्यांचा नव्हे.

कारण शोधताना अनेक तर्क लढवले गेले. अन्नाचा तुटवडा हे कारण टिकले नाही, कारण गिधाडांवाचून पडलेली जनावरे सर्वत्र सडत होती. कीटकनाशकांच्या अंशांचा संशय घेतला गेला, पण तपासण्यांत मृत्यूचे स्पष्टीकरण होईल इतके प्रमाण सापडेना. बराच काळ एखाद्या अज्ञात विषाणूची शक्यता प्रबळ मानली जात होती, आणि ऱ्हास ज्या झपाट्याने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात पसरत होता तो पाहता ती अवाजवीही नव्हती. उलगडा झाला तो पाकिस्तानातील पंजाबात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यकीय रोगनिदानतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा बहुसंख्य प्रौढ पक्ष्यांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर खडूची भुकटी लिंपावी तसा पांढरा थर आढळला. हा थर युरिक आम्लाच्या स्फटिकांचा होता आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती. मूत्रपिंडांना इजा करणारी नेहमीची विषद्रव्ये आणि विषाणू तपासून निकालात निघाल्यावर या चमूने प्रश्नाची दिशा बदलली. गिधाडांचे अन्न म्हणजे गुरे, तेव्हा गुरांच्या अंगात नव्याने काय शिरले आहे, असे त्यांनी पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना विचारले. उत्तरात पुन्हा पुन्हा एकच नाव आले, डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या नमुन्यांत डायक्लोफेनॅक तपासले, तेव्हा ते सर्वच्या सर्व २५ पक्ष्यांत सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही ते नव्हते. हे निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

डायक्लोफेनॅक हे सूज आणि वेदना कमी करणारे, स्टेरॉइड नसलेल्या औषधांच्या गटातील द्रव्य आहे. माणसांच्या सांधेदुखीवर ते अनेक दशकांपासून वापरात आहे आणि त्याचे मलम, गोळ्या व इंजेक्शने महाराष्ट्रातील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. १९९० च्या दशकात पेटंटचे बंधन संपून अनेक कंपन्या ते बनवू लागल्यावर त्याची किंमत उतरली आणि गुरांसाठी ते सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणारा बैल, सुजलेली कास, बाळंतपणानंतर ताप आलेली म्हैस, अशा कोणत्याही दुखण्यावर एक इंजेक्शन दिले की जनावर उठून उभे राही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात चूक काहीच नव्हती; ज्याच्या घरी बैलजोडी हेच भांडवल आहे, त्याने पेरणीच्या तोंडावर बैल लंगडत ठेवायचा का? अडचण एवढीच की वाचण्याची आशा न उरलेल्या जनावरालाही शेवटच्या दिवसांत हेच इंजेक्शन दिले जाई, आणि औषध घेतल्यापासून दोन-तीन दिवसांत जनावर दगावले तर त्याच्या यकृतात, मूत्रपिंडांत आणि इंजेक्शन दिलेल्या जागेच्या मांसात औषधाचा घातक ठरेल इतका अंश शिल्लक राही. जनावर जगले, तर हाच अंश थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडतो.

गाईला किंवा माणसाला जे मानवते ते गिधाडाला का मानवू नये, याचे उत्तर पक्ष्यांच्या उत्सर्जनपद्धतीत आहे. प्रथिने पचल्यावर उरणारा नायट्रोजन सस्तन प्राणी युरियाच्या रूपाने, भरपूर पाण्याबरोबर लघवीवाटे बाहेर टाकतात. पक्षी पाणी वाचवण्यासाठी तो युरिक आम्लाच्या रूपाने, जवळजवळ घट्ट स्वरूपात टाकतात, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतील पांढरा भाग हा प्रामुख्याने तोच असतो. युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून मूत्रपिंडांतील पेशींनी ते रक्तातून सतत उचलून बाहेर फेकत राहणे पक्ष्यांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. डायक्लोफेनॅक हे काम थांबवते आणि मूत्रपिंडांच्या पेशींना इजा करते. रक्तातील युरिक आम्ल वेगाने वाढत जाते, त्याचे स्फटिक अवयवांवर साचतात आणि साधारण दोन दिवसांत पक्षी दगावतो. जे स्फटिक माणसाच्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात साचून असह्य वेदना देतात, तेच येथे हृदयावर आणि यकृतावर साचतात. जिप्स प्रजातीतील गिधाडे या औषधाला विलक्षण संवेदनशील असतात, तर अमेरिकेतील टर्की गिधाडांना त्याच्या कितीतरी मोठ्या मात्रेनेही काही होत नाही. म्हणूनच एका पक्ष्यावरील चाचणीवरून दुसऱ्याबद्दल अनुमान काढणे धोक्याचे ठरते. पुढे राजस्थानातील बिकानेरजवळ मेलेल्या स्टेपी गरुडांतही डायक्लोफेनॅक सापडल्यावर संकट एका प्रजातीपुरते नसल्याचेही स्पष्ट झाले.

इतक्या मोठ्या ऱ्हासासाठी देशातील बहुसंख्य गुरांना हे औषध दिले जात असले पाहिजे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तशी गरजच नव्हती. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एका दूषित देहावर एकाच वेळी पन्नास पक्षी विष घेऊ शकतात. शिवाय प्रत्येक पक्षी दर दोन-तीन दिवसांनी नव्या देहावर उतरतो, म्हणजे वर्षभरात शंभराहून अधिक वेळा तो हा धोका पत्करतो. गणिती प्रतिकृतीवरून असे दिसले की दर १३० ते ७६० देहांमागे एक जरी देह प्राणघातक प्रमाणात दूषित असला, तरी नोंदला गेलेला ऱ्हास घडून येण्यास तेवढे पुरेसे आहे. भारतात २००४-०५ मध्ये गोळा केलेल्या सुमारे अठराशे मृत जनावरांच्या यकृतांची तपासणी झाली, तेव्हा डायक्लोफेनॅकचा अंश असलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात निघाले. त्यातच गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिल्लू चार-पाच वर्षांनी विणीस येते. अशा दीर्घायुषी, सावकाश वाढणाऱ्या जातीत प्रौढांचे मृत्यू थोडे वाढले तरी ती तूट पिल्लांनी भरून निघत नाही. उंदरासारख्या झटपट विणाऱ्या प्राण्याला जो तोटा पुढच्या हंगामात भरून काढता येतो, तोच गिधाडांच्या बाबतीत कायमचा ठरतो.

भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. कारण सिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत तीन देशांनी असा निर्णय घेणे हे पर्यावरणाच्या क्षेत्रात दुर्मीळ आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. बंदी शक्य झाली याचे एक कारण असे, की मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे दुसरे औषध गिधाडांना अपाय करत नाही हे चाचण्यांतून वेळेवर सिद्ध झाले होते. पर्याय हाती नसता, तर शेतकऱ्याला ‘बैल तसाच राहू द्या’ असे सांगण्याची हिंमत कोणत्याही सरकारने केली नसती.

बंदीला मात्र एक मोठी फट राहिली. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक कायदेशीरच होते आणि ते तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्यांत मिळत होते. माणसाला एका वेळी लागते तीन मिलिलिटर. तीसची बाटली कोणत्या रुग्णासाठी आहे हे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि बनवणाऱ्यालाही पुरते ठाऊक होते. ही फट बुजवण्यास आणखी नऊ वर्षे लागली. २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन एका मात्रेच्या, म्हणजे तीन मिलिलिटरच्या कुपीतच विकावे असा आदेश निघाला, त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दरम्यान त्याच गटातील इतर औषधे मोकळीच होती. किटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. ॲसिक्लोफेनॅक तर गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते, म्हणजे बंदी घातलेले औषध वेगळ्या वेष्टनात विकण्यासारखा हा प्रकार होता. या दोहोंवर भारतात २०२३ मध्ये बंदी आली, निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. बांगलादेशाने किटोप्रोफेनवर २०२१ मध्येच बंदी घातली होती. आणि उपखंडात एवढा अनर्थ घडून गेल्यावर, २०१३ मध्ये, युरोपातील गिधाडांचे माहेर म्हणावे अशा स्पेनने गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. काही वर्षांनी तेथेही या औषधाने मेलेले गिधाड सापडले.

गिधाडे गेल्यावर उघड्यावर पडलेले मांस काही आपोआप नाहीसे झाले नाही. त्यावर कुत्रे जमले. कुत्रा मांस खातो, पण गिधाडांच्या थव्याच्या मानाने फार हळू आणि अर्धवट. त्याच्या जठरात रोगजंतूंचा तसा नाश होत नाही, आणि पोटभर अन्न मिळाले की त्याची वीण झपाट्याने वाढते. भारतात रेबीजचे बहुतेक मृत्यू कुत्र्याच्या चाव्याने होतात, त्यामुळे हा धागा आरोग्यतज्ज्ञांच्या लक्षात आला होता. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या जिल्ह्यांचा भूप्रदेश गिधाडांना अनुकूल होता अशा जिल्ह्यांतील मृत्युदराची तुलना जेथे गिधाडे मुळातच कमी होती अशा जिल्ह्यांशी केली. डायक्लोफेनॅकच्या प्रसारापूर्वी दोन्हींचा कल सारखा होता. नंतर पहिल्या गटातील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजलेला नाही, तो संख्याशास्त्रीय तुलनेतून काढलेला आहे आणि तशाच सावधपणे वाचावा लागतो. पण रेबीजच्या लसींची विक्री, भटक्या कुत्र्यांची संख्या आणि पाण्यातील जिवाणूंचे प्रमाण हे इतर निर्देशकही त्याच दिशेने झुकलेले आढळले, त्यामुळे तो सहज झटकून टाकता येत नाही. यातील हानी सोसणाऱ्यांमध्ये औषध विकणारे नव्हते आणि बहुधा औषध लिहून देणारेही नव्हते.

मुंबईतील पारशी समाजाला हीच तूट वेगळ्या रीतीने सोसावी लागली. मलबार हिलवरील डोंगरवाडीत दोखम्यांमध्ये, म्हणजे वरून उघड्या मनोऱ्यांमध्ये, मृतदेह ठेवून तो गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची धर्मरीत, अग्नी, पृथ्वी आणि जल यांना अशुद्ध करू नये या श्रद्धेवर उभी आहे. गिधाडे नाहीशी झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवण्यात आले, परंतु मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचा उपयोग किती होणार हे सांगायला नको. समाजातील एका गटाने दहनाचा मार्ग स्वीकारला आणि २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत त्यासाठी प्रार्थनागृह उभे राहिले. दुसऱ्या गटाचा त्याला तीव्र विरोध राहिला.

उरलेल्या पक्ष्यांना वाचवण्याचे काम २००१ पासून हरियाणातील पिंजोर येथे सुरू आहे, तेथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचे वन खाते यांनी गिधाड केंद्र उभारले. पुढे पश्चिम बंगाल, आसाम आणि मध्य प्रदेशातही प्रजननकेंद्रे झाली. बंदिवासातील वीण हा संथ आणि खर्चिक मार्ग आहे, आणि बाहेरचे अन्न सुरक्षित नसेल तर तो निरर्थकही आहे. यासाठी ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ ही कल्पना पुढे आली. गिधाडांच्या वस्तीभोवती साधारण शंभर किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशात घातक औषधे विकलीच जाणार नाहीत, यासाठी औषधविक्रेते, पशुवैद्य आणि गोपालक यांना एकत्र आणायचे, असा तिचा गाभा आहे. नेपाळने यात आघाडी घेतली. तेथील तराईत गावकऱ्यांनी म्हातारी गुरे मरेपर्यंत सांभाळून, औषधमुक्त असल्याची खात्री करून त्यांचे देह गिधाडांसाठी ठेवण्याची पद्धत रुजवली आणि तेथील गिधाडांची संख्या सावकाश का होईना, वाढू लागली. महाराष्ट्रात गडचिरोली, नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या परिसरातील खोरीपाडा आणि रायगड जिल्ह्यातील फणसाड येथे वन खात्याने ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली. नाव गमतीचे असले तरी काम चोख आहे: मृत जनावराला कोणते औषध दिले होते हे तपासायचे आणि मगच ते कुंपण घातलेल्या जागेत ठेवायचे. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरची गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणून पुढे मुक्त करण्यात आली. पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवलेले त्यांतील एक गिधाड अनेक राज्ये ओलांडून तमिळनाडूपर्यंत पोहोचल्याची नोंद झाली. ज्या पक्ष्याला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत, त्याची सुरक्षितता एका अभयारण्याच्या कुंपणात सामावणार नाही, याला याहून वेगळा पुरावा नको.

बंदीनंतर ऱ्हासाचा वेग मंदावला एवढे निश्चित. २०१५ च्या पाहणीनुसार भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची १२,००० आणि बारीक चोचीची १,००० गिधाडे उरली होती. संख्या कोटींत असावी असे ज्यांच्याबद्दल मानले जाई, त्यांच्या बाबतीत याला सावरणे म्हणता येत नाही.

या सगळ्या व्यवहारातील मूळ दोष एकेका औषधात नाही. तो परवानगी देण्याच्या पद्धतीत आहे. गुरांचे नवे औषध बाजारात येताना ते गुरांना मानवते का आणि दुधातून वा मांसातून माणसाला बाधते का, हे पाहिले जाते. त्या गुराचा देह शेवटी कोण खातो, हा प्रश्न विचारण्याची सक्ती नसते. परिणामी आधी पक्षी मरतात, मग संशोधक पुरावा गोळा करतात, मग बंदी येते, आणि तोवर दुसरे औषध दुकानात पोहोचलेले असते. किटोप्रोफेनच्या बाबतीत पुरावा आणि बंदी यांमध्ये तेरा वर्षे गेली. वेदनाशामक गटातील प्रत्येक पशुवैद्यकीय औषधाची गिधाडांवरील सुरक्षितता परवान्यापूर्वी सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणे हाच यावरचा खरा उपाय आहे, आणि मेलॉक्सिकॅम व टोल्फेनॅमिक आम्ल ही दोन औषधे चाचण्यांत सुरक्षित ठरलेली असल्यामुळे तसे केल्याने एकाही बैलाला वेदनेत ठेवावे लागणार नाही. तोपर्यंत ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत, त्यांनी पशुवैद्याकडे या दोहोंपैकीच औषध मागून घ्यावे, आणि औषध दिल्यानंतर आठवडाभरात जनावर दगावले तर त्याचा देह उघड्यावर न टाकता खोल पुरावा.